खालून दहावा

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ताई हॉस्पिटलच्या तळघरात भिंगाखाली कात्र्यांची टोकं तपासत होती. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, वाफेच्या मशीनमधून काढायची, ट्रेमध्ये लावायची, ट्रे कापडात बांधून वर पाठवायचा, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. तिथे तिला सगळेच ताई म्हणत, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली मावशीसुद्धा. ताईच्या हातात ग्लोव्हज होते, म्हणून मावशीनेच फोन उचलून तिच्या कानाला लावला.

"ताई, आपला अल्बम आला! एक्केचाळिसावा!"

"कशात?"

"अगं, यादीत! त्या वर्षातले हेवी मेटलचे सगळ्यात भारी पन्नास अल्बम. कुठकुठल्या लोकांनी मतं दिलीत. तेवीस वर्षांनी कोणाला तरी आपण आठवलो, बघ."

"पन्नासात एक्केचाळिसावा म्हणजे खालून दहावा ना रे?"

"तुझ्याकडे आनंदाची बातमी घेऊन यायची सोय नाही," धाकटा म्हणाला आणि त्याने यादी पाठवून दिली.

जेवणाच्या सुट्टीत तिने ती उघडली. वरच्या चाळीस अल्बमांवर लोक एकमेकांच्या उरावर बसले होते. चौथा तिसरा का नाही, अकराव्याला यादीत घेतलंच कोणी, अमुक बँडने त्या वर्षी पाट्या टाकल्या, तमुक बँड विकला गेला. तिला हसू आलं. तेवीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांवरून माणसं आज भर दुपारी भांडत होती. मग ती खाली खाली सरकत एक्केचाळिसाव्यापाशी आली. एकाने लिहिलं होतं, "गायकाची दाढ दुखत असावी." दुसऱ्याने, "रेकॉर्डिंग पिंपात बसून केलंय." आणि त्याखाली, "पण शेवटचं गाणं! तो ड्रमर माणूस आहे की राक्षस? त्या एका गाण्यासाठी हा पहिल्या दहात हवा होता." या शेवटच्या वाक्याला चारशे माणसांनी मान डोलावली होती.

ताईने ते दोनदा वाचलं आणि डबा न संपवताच झाकण लावलं.

शेवटचं गाणं तिने वाजवलं होतं.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि धाकटा एकवीसचा. चौघांचा बँड होता, त्यात धाकटा ड्रमर; ड्रम आपल्याच घरी असायला हवेत असा त्याचा हट्ट होता, आणि ते मागच्या खोलीत मांडलेले असत. तो कॉलेजला गेला की घरात ताई एकटी असे. आधी तिने ते नुसते पुसले. मग हलकेच वाजवून पाहिले. ती डावखुरी, म्हणून सगळा सेट उलटा मांडायची, तासभर वाजवायची आणि तो यायच्या आत पुन्हा सुलटा करून ठेवायची. दोन वर्षं हे चाललं. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी धाकटा तापाने फणफणला, त्याला उभं राहता येईना. स्टुडिओ तेवढ्या दोनच दिवसांसाठी मिळाला होता आणि नऊ मिनिटांचं एक गाणं राहिलं होतं. त्याला सोडायला म्हणून गेलेल्या ताईने विचारलं, "मी बसू का?" बाकीचे हसले. मग हसायचे थांबले. गाणं एका दमात झालं. अल्बमवर नावं छापायची वेळ आली तेव्हा गिटारवाला म्हणाला, "चौघांचा बँड आहे, पाचवं नाव कशाला?" आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे."

पुढे बँड मोडला. गाणारा परदेशी गेला, गिटारवाल्याने केस कापून विम्याचं काम धरलं, धाकटा ड्रायव्हिंग शिकवायला लागला. ताईचं लग्न झालं, नोकरी लागली. ती खंत करत बसली होती असं नाही. दिवसाला चाळीस ट्रे बांधणाऱ्या बाईला खंत करायला बसावं लागतं, आणि बसायला वेळ कुठला?

पुढच्या रविवारी दुपारी धाकटा एका कार्यक्रमात आला. कोणी एक यादीवाला होता, अशा याद्यांवर बोलायचा आणि त्यातल्या कलाकारांना समोर बसवून त्यांना काय वाटतं ते विचारायचा. ताई इस्त्री करत होती. फोन तिने पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. धाकट्याने नवा काळा टी-शर्ट घातला होता, तो पोटावर ताणला होता.

"एक्केचाळिसावा नंबर. कसं वाटतं?"

"वर असायला हवा होता," धाकटा म्हणाला आणि मोठ्याने हसला. दाढदुखीच्या वाक्यावरही तो मोकळेपणाने हसला. बरा बोलत होता तो.

मग यादीवाला पुढे सरकला. "आता शेवटचं गाणं. लोक वेडे झालेत. हे वाजवलंस कसं?"

धाकट्याने टी-शर्ट खाली ओढला. ताईने इस्त्री उभी केली.

"खरं सांगू? त्या दिवशी मला सणसणून ताप होता. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्या तापातच वाजवलं. परत मला तसं कधी जमलं नाही."

ताईने फोन उपडा ठेवला आणि नवऱ्याच्या शर्टाची कॉलर पुन्हा एकदा दाबली. राग यावा म्हणून तिने वाट पाहिली. तो आला नाही. वाटला तो थकवा, सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावणं आल्यावर वाटतो तसा. गाणं घेतलं ते घेतलं, पठ्ठ्याने ताप पण वापरला.

पण चार दिवसांत गंमत उलटली. कोणी एक ड्रम शिकवणारा होता, त्याने हेडफोन लावून सगळा अल्बम ऐकला आणि लिहिलं: आधीच्या सात गाण्यांत आवाज डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे धावतो, शेवटच्या गाण्यात उजवीकडून डावीकडे. म्हणजे सेट उलटा मांडलेला आहे. म्हणजे वाजवणारा डावखुरा आहे. म्हणजे हा तो नाही.

मग काय, मेटलवेड्यांना आयतं कोलीत मिळालं. कोणी म्हणालं भाड्याने माणूस आणला, कोणी म्हणालं मशीन आहे. अल्बम यादीतूनच काढा, असंही काहींनी सुरू केलं. धाकट्याने घाईघाईने लिहिलं, मी दोन्ही हातांनी वाजवतो. लगेच उत्तर आलं: मग व्हिडिओ टाक. शेवटची दोनच मिनिटं वाजवून दाखव.

त्याच संध्याकाळी तो ताईच्या दारात उभा राहिला. चेहरा एवढासा झाला होता. ताईचा नवरा बस चालवायचा, तो नुकताच ड्यूटीवरून येऊन मोजे काढत होता.

"ताई, मला ते शिकव," धाकटा म्हणाला.

"काय?"

"शेवटची दोन मिनिटं. उलट्या सेटवर. व्हिडिओपुरतं जमलं तरी चालेल."

नवऱ्याने मोजा हातात धरून दोघांकडे पाहिलं. "ही काय शिकवणार?"

मग ताईनेच त्याला सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. नवरा ऐकत राहिला.

"तू ड्रम वाजवायचीस? आणि मला हे आज कळतंय?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? एक दुपार होती." मग ती धाकट्याकडे वळली. "आणि तुला लाज वाटत नाही?"

"वाटते," तो म्हणाला. "पण माझ्याकडे शिकणारी पोरं ते वाचतायत गं. गाडीत शेजारी बसून विचारतात."

ताईने हो म्हटलं. का म्हटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. नवरा नंतर म्हणाला, "तू वेडी आहेस," आणि ते काही खोटं नव्हतं.

धाकट्याच्या गॅरेजमध्ये, शिकाऊ गाडी बाहेर काढली की, ड्रम मांडायला जागा व्हायची. रोज ड्यूटी संपवून ताई तिकडे जायची. पहिल्या दिवशी तिने काठ्या हातात घेतल्या आणि जेमतेम अर्धं मिनिट वाजवून थांबली. ट्रे उचलून उचलून खांदा कामातून गेला होता. मनगट मात्र वाट चुकलं नव्हतं. तिने तो तुकडा सावकाश, सुटा सुटा करून दाखवला.

"डाव्याने सुरू कर. उजवा मागून येऊ दे. नाही रे, उजवा पुढे घुसतोय तुझा."

"घुसतोय म्हणजे? तो त्याच्या मनाने जातो!"

"मग ब्रेक लाव. पोरांना काय सांगतोस गाडीत?"

तो हसला, पण जमेना. तीन दिवस गेले, आठ गेले. त्याच्या तळहाताला फोड आले. दहाव्या दिवशी त्याला पहिली दहा सेकंदं बरी जमली आणि अकराव्या दिवशी तीही गेली. ताई एका आडव्या ठेवलेल्या टायरवर बसून बघत होती. पाय सुजले होते. उद्या सकाळची पाळी होती. एकवीस वर्षांचा असताना हा असाच घामाघूम व्हायचा, आणि तेव्हाही, हे तिने कोणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, तेव्हाही तो फार चांगला नव्हता. त्याला आवड होती. तिला आवड होती की नाही हेच कळायला वेळ मिळाला नव्हता. तिला नुसतं येत होतं.

बाराव्या दिवशी धाकट्याने काठ्या खाली ठेवल्या.

"मला नाही जमणार, ताई."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग आलीस कशाला रोज?"

तिने खांदा चोळला. "तू बोलावलंस म्हणून."

त्याने तळहातावरचे फोड चाचपले. मग म्हणाला, "त्या दिवशी मी स्टुडिओच्या बाकड्यावर पडलो होतो ना, मी झोपलो नव्हतो. मी सगळं ऐकलं होतं. आणि मला वाटलं होतं, बरं झालं नाव नाही छापत."

ताईने मान हलवली. हेही तिला ठाऊक होतं की काय, ते तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला न विचारता लिहून टाकलं: शेवटचं गाणं माझ्या ताईने वाजवलंय. मी तेवीस वर्षं खोटं बोललो आणि कार्यक्रमातही खोटं बोललो.

ताईला ते मावशीने दाखवलं. मावशीला तिच्या नातवाने पाठवलं होतं. तळघरात काम थांबलं नाही, पण सगळ्या ताईकडे बघायला लागल्या. "अगं बया," मावशी म्हणाली, "म्हणून तू ट्रे आपटतेस होय!" त्यावर सगळ्या हसल्या, ताईसुद्धा.

लोकांचं म्हणाल तर निम्म्यांनी विश्वास ठेवला, निम्म्यांनी नाही. पहिलं खोटं पकडलं गेलं म्हणून आता बहिणीची गोष्ट रचली, असं काहींचं म्हणणं. ड्रम शिकवणाऱ्याने मात्र माफी मागितली आणि लिहिलं की त्या बाईंना भेटायला मी कुठेही येईन. यादीवाल्याचा फोन आला. या, तुम्ही बसा कार्यक्रमात, वाजवून दाखवा, सगळ्यांची तोंडं बंद होतील.

"नको," ताई म्हणाली.

"पण लोकांना खरं कळायला नको?"

"मी रोज भिंगाखाली बघून सही करते, की हे हत्यार स्वच्छ आहे. वरचे लोक माझं तोंड न बघता ते माणसाच्या पोटात घालतात. इतका विश्वास मला पुरतो. तुमच्या लोकांना गाणं आवडलं ना? मग झालं."

तिने फोन ठेवला. हे वाक्य तिने ठरवून ठेवलं नव्हतं. ते पूर्ण खरं आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती.

मतं बंद झाली होती, त्यामुळे यादीतला नंबर हलला नाही. एका शनिवारी नवऱ्याने स्वतःहून म्हटलं, चल, ऐकव तरी. दोघांनी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सगळा अल्बम ऐकला. ताईनेही तो सलग असा पहिल्यांदाच ऐकला. पाचव्या गाण्यापर्यंत नवरा पेंगायला लागला. गाणारा खरंच दाढ दुखल्यासारखा ओरडत होता. आपल्याला जागा मिळाली ती जरा वरचीच मिळाली, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं. मग शेवटचं लागलं आणि नवरा जागा झाला.

"ही तू?"

"हो."

नऊच्या नऊ मिनिटं तो टेबलावर पुढे वाकून ऐकत राहिला. संपल्यावर उठला, तिच्या मागे आला आणि तिचा दुखरा खांदा दाबायला लागला. जोर फार लावत होता, पण तिने त्याला थांबवलं नाही.

पुढच्या गुरुवारी ताईला दुपारीच सुट्टी मिळाली. तिने धाकट्याला फोन करून गाडी बाहेर काढायला सांगितलं.

"मी थांबू ऐकायला?" त्याने विचारलं.

"नको. शिकवायला जा तू तुझ्या पोरांना."

तिने सेट उलटा मांडला. चार मिनिटांनी तिला दम लागला. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली, गुडघा चोळला आणि मधूनच, जिथे सुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू केलं.