अतिक्रमण क्रमांक सतरा

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, पण मला भंगार म्हणाल तर याद राखा! झुलाल मिस्तरींनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या गावात, कुंदन वकिलांच्या घरासमोर, गटारीच्या फरशीवर मी वीस वर्षं काढली. खाली गटार, वर पक्षकार! बांधाचं भांडण असो की भावकीचं, आधी माझ्यावर बसायचं. आत वकीलसाहेब प्रत्येकाला बजावायचे, "न वाचता सही करू नका." मग पुढची तारीख सांगायचे.

त्याच लोकांनी त्यांना नगराध्यक्ष केलं. मिरवणुकीत मलाही हार घातला. मी फुगलो, खोटं कशाला बोलू? नंतर साहेब पालिकेत बसू लागले आणि माझ्यावर शेजाऱ्यांच्या गोधड्या वाळू लागल्या. फार वाईट वाटायचं.

एकदा साहेबांनी जाहीर केलं, "आठ दिवसांत रस्ते मोकळे!" अतिक्रमणांची यादी आली, त्यांनी घाईत सही ठोकली. पहिल्या दिवशी भाजीवाल्या धुरपदाबाईंची लोटगाडी गेली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर माझ्यापुढे थांबला. आता आपलं सरपण होणार, हे मी ओळखलं.

साहेब काळा कोट चढवत धावत आले. "नोटीस कुठाय? म्हणणं ऐकून घेतलं का?"

मुकादम जीवरामांनी यादी पुढे केली. "सतरावा नंबर, साहेब. सही तुमनीच शे."

साहेब गडबडले. सवयीनं म्हणाले, "बरं, मग पुढची तारीख द्या."

लोक खो खो हसले. गर्दीतल्या धुरपदाबाई हसल्या नाहीत. त्या साहेबांना म्हणाल्या, "नाना, मनी गाडी काल लयी गयात. माले कोनी तारीख दिनी का?"

साहेबांनी कोट काढला, माझं एक टोक स्वतः धरलं आणि मला ट्रॅक्टरवर चढवलं. मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोललो.

पण तेही मागोमाग पालिकेत आले. यादी अख्खी वाचली, सगळ्यांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं आणि आधी धुरपदाबाईंची लोटगाडी परत देऊन त्यांना बाजारात जागा दिली. "आणि तुमचा बाक?" जीवरामांनी विचारलं.

"राहू द्या इथंच. इथं लोक तासन्‌तास उभे असतात."

आता मी तक्रारीच्या खिडकीसमोर असतो. मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका, आणि कुणी उभं दिसलं तर सरकून जागा द्या. परवा साहेबांच्याच घरचा नळ बंद पडला. तक्रार द्यायला ते स्वतः आले. धुरपदाबाई सरकल्या. म्हणाल्या, "बसा नाना. मना नंबर पह्यले शे."

साहेब गुपचूप बसले.