ताशाला आजोबा किती?

हात कानांवर ठेवू नका. मी ताशा बोलतोय, तेव्हा जरा मोठ्यानंच बोलणार. कुजबुज आमच्या घराण्यात कुणाला जमलीच नाही. मुक्काम बंगळूर, पेठ चिकपेट, अंग तांब्याचं, तोंड बकऱ्याच्या कातड्याचं.

घराण्याचं म्हणाल तर मला आजोबा दोन. लग्न मराठ्यांकडचं असलं की माझे मालक येसाजीराव वऱ्हाडाला सांगत, "शहाजीराजे या बंगळुरात आले, तेव्हा पुढं वाजत आला तो हाच ताशा." शादी कलासीपाळ्यातल्या मुसलमान मोहल्ल्यात असली की मिशी तीच, आवाज तोच, ताशा मात्र टिपू सुलतानाच्या छावणीतला! माझ्या आवाजाला भिऊन इंग्रजांची तोफ उलट्या दिशेनं उडाली, असंही त्यांनी एकदा ठोकून दिलं. मी नाही म्हणालो नाही. असलं काही ऐकलं की कातडं कसं ताठ होतं!

दिवस मजेत चालले होते. गारव्यानं कातडं सैल पडलं की येसाजीराव रस्त्याकडेला कागद पेटवत, मला वर धरून शेकत, टिचकी मारून बघत. टण्ण वाजलं की मी त्यांच्या गळ्यात. काड्यांची भरभर तर्री सुटली की चालणारी माणसं नाचू लागत आणि नाचणारी चपला हरवत. माणसाची गंमत सांगू? त्याला नाचायचं असतंच. आधी दुसऱ्या कुणीतरी सुरुवात करावी, एवढंच त्याचं म्हणणं.

एकसष्ट साली कराचीहून मुनीरमियाँ आले, पुतण्याच्या लग्नाला. हे येसाजीरावांचे बालमित्र. पोरपणी मोहरमच्या मिरवणुकीत दोघं शेजारी शेजारी वाजवायचे आणि घरोघरचे गुळाचे चोंगे खाऊन पोट बिघडवून घ्यायचे. फाळणीनंतर मुनीरमियाँ तिकडं गेले, शाळेत इतिहास शिकवू लागले. अंगात काळी शेरवानी, पण बोलणं अजून अस्सल चिकपेटचं.

"येसू, शाळेत एक खोली केलीय, आमच्या मुल्काच्या इतिहासाची. अरबांचा बिन कासिम जहाजांतून सिंधमध्ये उतरला तिथपासून. पोरांना सांगतो, पाकिस्तान चौदा वर्षांचा नाही, साडेबाराशे वर्षांचा आहे. भिंतीवर दिल्ली आहे, विजापूरचा गोलघुमट आहे, टिपू आहे. पण सगळी चित्रं रे! हात लावावा असं काही नाही." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "टिपूचा ताशा तुझ्याकडे आहे, असं पुतण्याचे सासरे सांगत होते. मला देशील?"

येसाजीरावांनी घसा खाकरला. "तिकडं वाजवणार कोण त्याला?"

"वाजवायचा कशाला? काचेच्या कपाटात ठेवीन. खाली पाटी लावीन."

माझं तांबं गार पडलं. मार हेच ज्याचं अन्न, त्याला काचेत उपाशी ठेवणार! येसाजीराव, आता तरी खरं बोला, मी आतल्या आत ओरडलो.

पण मुनीरमियाँ हळूच म्हणाले, "तिकडं गल्लीत अजून विचारतात, तुम्ही कुठले? बंगळूर म्हटलं की विचारतात, ते कुठं आलं? आता बोट दाखवीन. म्हणीन, हे बघा, आम्ही हात हलवत नाही आलो, इतिहास घेऊन आलो."

झालं! खऱ्याची वेळ आली आणि माझा मालक मित्राच्या डोळ्यांकडे बघून विरघळला. "सरी, बरं तर," म्हणाले, "घेऊन जा."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सकवारबाई चहा घेऊन आल्या. "काय न्यायचं चाललंय?"

"टिपूचा ताशा, भाभी."

"कुणाचा?" बशीतला चहा हिंदकळला. "अहो भावजी, हा माझ्या माहेरचा हंडा! कोलारहून आणलेला. बूड गळायला लागलं म्हणून देवाप्पा तांबटाकडं झाळायला दिला, तर यांनी त्याचा ताशा करून आणला. त्या साली दिवाळीला मी यांच्याशी बोलले नाही!"

घ्या! माझं वय चव्हाट्यावर आलं. मी पाकिस्तानापेक्षाही धाकटा निघालो. पोटावरचं ते झाळलेलं ठिगळ मी तोफगोळ्याची जखम म्हणून मिरवत होतो, तेही गेलं.

मुनीरमियाँचा चेहरा उतरला. "मग पोरांना दाखवू काय?"

सकवारबाई खाली बसल्या. "भावजी, बारशाला बाळाला आजोबाचं नाव ठेवतातच की. त्यानं बाळ म्हातारं होत नाही, पण घराला बरं वाटतं. ठेवा तुम्ही खुशाल. फक्त एक विसरू नका, आजोबाला नातवंडं आणखीही असतात. तुमचा टिपू इथं आमच्याकडंही राहतो. आमच्या ह्यांनी तर त्याच्या नावावर निम्म्या पेठेची लग्नं लावली!"

मुनीरमियाँच्या नाकात चहा गेला. ठसका, हसू, पुन्हा ठसका. "हौ भाभी, टिपूला सगळ्यांत जास्त राबवलं ते येसूनंच!"

"आणि शहाजीराजांना?" येसाजीराव लाजत म्हणाले. मग तिघंही असे हसले की मी खुंटीवर आपोआप वाजलो.

वरातीत मुनीरमियाँनी शेरवानीची बटणं सोडली आणि मला गळ्यात घातलं. पहिले दोन हात चुकले. "स्वल्प हळू, मास्तर!" येसाजीराव ओरडले. मग मनगट सुटलं, आणि सांगतो तुम्हाला, नवरदेवाचा घोडाही मागच्या दोन पायांवर नाचला. घोडा नव्हता, मोटार होती म्हणतात. असू दे.

निघायच्या आधी सकवारबाईंनी फळीवरून त्या हंड्याची जोडीदार कळशी काढली. देवाप्पानं ठोकून ठोकून तिचा छोटा ताशा केला. मुनीरमियाँनी तो छातीशी धरला. "पोरं वाजवतील," म्हणाले. "कपाट राहू दे रिकामं."

त्यालाही वर्षं झाली. पासष्टच्या लढाईपासून तिकडचं येणंजाणं थांबलंय. येसाजीरावांच्या मिशा पिकल्या, मला नवं कातडं चढलं, आणि माझे दोन्ही आजोबा अजून ठणठणीत आहेत. धाकट्याची खबर नाही. पण आमचं तांबं एकच, मी त्याला ओळखतो. आपण बिन कासिमच्या जहाजातून उतरलो असं तो तिकडं ठोकून देत असणार.

कधी कराचीला गेलात आणि त्यानं तसं सांगितलं, तर हो म्हणा. कळशीचं नाव काढू नका. पण तो कुठं काचेत ठेवलेला दिसला, तर माझी शपथ आहे: कपाट उघडा, कागद पेटवा, नीट शेका, आणि बडवा असा की मला इथं ऐकू यावं.