खंडेनवमीची सुट्टी

पोलिओने कावेरीचे पाय लुळे पडल्यापासून दर रविवारी मी तिला हेब्बाळला पिराजीअण्णांकडे न्यायची. लष्करातून निवृत्त झालेले अण्णा अशा मुलांना घोड्यावर बसवून फिरवत. त्याने कंबरेत बळ येई. "घोड्यावर मी चालते गं आई," ती म्हणायची, आणि आठवडाभर रविवारची वाट पाहायची.

एकोणसाठ साली खंडेनवमी नेमकी रविवारी आली. त्या दिवशी पुजलेली वस्तू कुणी वापरायची नाही, ही आमची रीत. मी शिवणयंत्राशेजारी तिच्या पायांचे लोखंडी कॅलिपरही मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग तिला कडेवर घेऊन घोड्याची पूजा करायला गेले.

मी घोड्याच्या खुरांना कुंकू लावलं. "आज त्यालाही सुट्टी, अक्का," अण्णा म्हणाले. कट्ट्यावर बसवलेली कावेरी त्याच्या रिकाम्या पाठीकडे बघून रडायला लागली.

"एक दिवस दम निघत नाही तुला?" मी खेकसले.

तिने परकर वर सारला आणि हातांनी आपले काटकुळे पाय माझ्यापुढे ओढले.

"कॅलिपरला लावलंस, घोड्याला लावलंस. ह्यांना का नाही? हे काम करत नाहीत म्हणून?"