वीब्केबाईंचा डबा आणि आमच्या गाभण माद्या

फोन मीच उचलला होता, हे आधीच सांगून टाकते.

रॉकेट तळावरून गुन्हिल्ड बोलत होती. उडवायच्या आदल्या दिवशी ती आम्हा रेनडिअरच्या कळपवाल्यांना फोन करून विचारते, जनावरं कुठे आहेत, माणसं कुठे आहेत. विचारावंच लागतं तिला. शास्त्रज्ञांचं ते रॉकेट पाच-दहा मिनिटं आभाळात हिंडून खाली येतं, आणि खाली आमची चरायची जमीन आहे.

"सिग्गा, वरच्या खोऱ्यात काही आहे का गं?"

मी स्नोस्कूटरचा पट्टा बसवत होते. बोटाचं साल निघालेलं, डोकं तापलेलं. मामाने सकाळीच सांगितलं होतं, टेकडीवर जा, दुर्बीण लावून खोरं बघून ये. मी गेले नव्हते. कालपरवापर्यंत तिथे चिटपाखरू नव्हतं, आज कुठून येणार?

"काही नाही," मी म्हटलं. "उडवा खुशाल."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उडवलं. इतक्या उत्तरेला मे महिन्यात तोवर ऊन चांगलं वर आलेलं असतं. गडगडाट झाला, पांढरी रेघ सरळ वर गेली. योव्ना मामा झोपडीच्या पायरीवर बसून कॉफीत चीजचे तुकडे टाकत होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"बघ तरी मामा!"

"तीस वर्षं बघतोय. वर जाताना सगळेच बघतात. येताना कुठे येतंय ते बघ."

आलं. पॅराशूटची नारिंगी छत्री रॉकेटचा एक तुकडा घेऊन डुलत डुलत टेकडीच्या पलीकडे उतरली. मी स्की चढवून टेकडीवर गेले आणि दुर्बीण लावली.

खोरं आमच्या माद्यांनी भरलं होतं. सगळ्या गाभण रेनडिअर, काही तर आज-उद्यावर आलेल्या. रात्रीतून उतरल्या असणार, दक्षिणेकडच्या उतारावर बर्फ वितळून गवत उघडं पडलं होतं ना. छत्री त्यांच्या मधोमध पडली होती. छत्री मुकाट पडते, तिला कुणी घाबरलं नव्हतं. पण आता ती उचलायला हेलिकॉप्टर येणार होतं.

हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की माद्या उधळतात. नुकतं झालेलं पाडस पळू शकत नाही, आणि अशा वेळी उधळलेली आई परत येईलच असं नाही. मग कोल्हे येतात.

यात माझंही एक लफडं होतं. जानेवारीत मी शाळा सोडली. आई म्हणाली, ठीक आहे, व्यायचा हंगाम संपेपर्यंत मामाकडे राहा, पण मामा म्हणाला ही कामाची नाही, की सोमवारी परत बाकावर. मामा म्हणाला नव्हता. अजून.

मी गुन्हिल्डला फोन लावला. "हेलिकॉप्टर थांबव!"

"काल तर तू म्हणालीस..."

"काल म्हणाले, आज थांबव!"

तिकडून कुणीतरी फोन हिसकावला. "मी वीब्के. त्यात माझ्या पेशी आहेत. डबा बॅटरीवर गरम राहतो, आणि बॅटरी दहापर्यंतच आहे. तू कोण?"

"माद्या जिच्या, ती. हेलिकॉप्टर अलीकडच्या तळ्यावर उतरवा. तिथून तीन किलोमीटर स्कीवर जाऊ. गुपचूप आत, डबा काढायचा, गुपचूप बाहेर."

"मला स्की येत नाही."

"मग पडाल. पडताना ओरडायचं नाही."

फोन ठेवला तर टेकडी चढून आलेला मामा मागेच उभा. त्याने माझ्या हातातून दुर्बीण घेतली, खोरं बघितलं, मग मला बघितलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "वारा समोरून घे, माणसाचा वास नको. स्कूटर नको. आवाज नको."

वीब्केबाई चाळिशीच्या, उंच, जर्मन. पहिल्या पन्नास मीटरमध्ये चार वेळा पडल्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. तेव्हाच मला त्या आवडल्या. मी मागे होडीसारखी लाकडी घसरगाडी ओढत होते. रात्रीच्या गारठ्याने बर्फावर कडक खपली धरली होती, चालायला एकदम रस्त्यासारखी. पण मे महिन्यात ही चैन दहापर्यंतच. नंतर खपली मऊ पडते आणि माणूस गुडघाभर आत जातो.

"वय काय तुझं?" बाई कुजबुजल्या.

"सतरा."

"शाळा?"

"सोडली."

"मीपण सोडली होती."

"खरंच?"

"नाही. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

मला हसू फुटलं, आणि हातमोजा तोंडात कोंबावा लागला.

आठ वाजता पोचलो. रॉकेटचा तो तुकडा माणसाएवढा लांब, एका बाजूने करपलेला. बाईंनी गुडघ्यावर बसून स्क्रू काढले आणि पावाच्या साच्याएवढा एक डबा बाहेर आला. त्यावर हिरवा दिवा. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली.

परतताना अर्ध्या वाटेवर खोरं अरुंद होतं. उजवीकडे बर्च झाडांचा उभा चढ, डावीकडे ओढा, वरचा बर्फ फुटून पाणी उघडं पडलेला. मध्ये जेमतेम घरातल्या बोळाएवढी वाट. आणि त्या वाटेत एक मादी व्यायला बसली होती.

मी हात वर केला. आम्ही झाडांमागे खाली बसलो.

"बाजूने जाऊ," बाई म्हणाल्या.

"पोहता येतं का?"

"मग तिच्या जवळून, अगदी हळूच."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही बाळंत होताना तुमच्या खोलीतून कुणी ढकलगाडी नेलेली चालेल?"

"दोन्ही वेळा नेली होती. एकदा तर त्यात दुसऱ्या कुणाचा नाश्ता होता."

मग त्यांनी डबा मांडीवर घेतला. मादी उठायची, गोल फिरायची, परत बसायची. नऊ वाजले. साडेनऊला दिवा हिरव्याचा पिवळा झाला. बाईंनी दोन्ही हात डब्यावर ठेवले, जसं काही हातांनी दिवा थांबणार होता.

"तीन वर्षांची मेहनत," त्या म्हणाल्या. "पुढचं रॉकेट दोन वर्षांनी. त्यात माझी जागा नाही."

मला राहवलं नाही. "काल मी खोरं बघितलंच नव्हतं. न बघता काही नाही म्हणून सांगितलं."

मला वाटलं, म्हणतील असू दे.

"म्हणजे ही तुझी चूक आहे."

"हो."

"बरं. आता काय करायचं?"

त्याच वेळी मादी उभी राहिली आणि पाडस बर्फावर पडलं. काळंभोर, ओलं, वाफाळणारं. ती त्याला चाटू लागली. बाई डबा विसरून बघत राहिल्या. पाडस उभं राहीपर्यंत आई हलणार नव्हती, आणि दिवा आता लाल झाला होता.

"तुमच्या पेशींना ऊब किती लागते?" मी विचारलं.

"सदतीस अंश."

"माणसाच्याच आहेत ना?"

"हाडाच्या. माणसाच्या."

"मग कोटात घाला."

"काय?"

"कोटात, अंगाशी. आई मेलेलं पाडस गारठलं की आम्ही तसंच नेतो. घरी पोचेपर्यंत जगतं."

"हे नियमात बसत नाही."

"मग बॅटरी संपणं बसतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दिव्याकडे. मग कचाकच डबा उघडला. आत बोटाएवढ्या आठ नळ्या होत्या, घट्ट झाकणांच्या. "चार तुझ्या, चार माझ्या," त्या म्हणाल्या. "काखेत धर. तिथेच ऊब नीट असते. आणि हात हलवायचे नाहीत."

"हात न हलवता गाडी कशी ओढू?"

यावर त्यांनी शास्त्रज्ञासारखा विचार केला. शेवटी माझ्या चार नळ्या मी बनियनच्या आत पोटाला लावल्या आणि वरून मामाचा विणलेला पट्टा गच्च आवळला. उघड्या पोटाला गार वारा असा लागला की मी जवळजवळ ओरडलेच.

पाडस तीनदा तोंडावर आपटलं, चौथ्यांदा उभं राहिलं. फेंगडे पाय थरथरत होते. आई दोन पावलं चालली, वळून बघितलं, पाडस मागे. हळूहळू दोघं चढावरच्या झाडांत गेली. वाट मोकळी.

सव्वादहा झाले होते. बाई दोन्ही काखा आवळून स्कीवर उभ्या राहिल्या आणि सरळ पुढे पडल्या. परत उभ्या राहिल्या, परत पडल्या.

"बसा गाडीत," मी म्हटलं.

"मी बहात्तर किलो आहे."

"विचारलं का मी?"

ओढलं. खपली आता मेणासारखी झाली होती, दर दहा पावलांना मी गुडघ्यापर्यंत आत जायचे. बाई गाडीत स्वतःला मिठी मारून बसलेल्या, मांडीवर रिकामा डबा. मी मनात दिलेल्या शिव्या बहुतेक तोंडातून बाहेर येत होत्या, कारण मागून आवाज आला, "ही शेवटची कुठल्या भाषेत होती?"

तळ्याकाठी वैमानिक धावत आला. "बाईंचा पाय मोडला की काय?"

"हात लावू नका मला!" बाई किंचाळल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या पट्ट्यात चार आहेत. काढ आणि माझ्या पोटाशी घाल. लवकर." घातल्या. हेलिकॉप्टर खोऱ्याला पाठ करून, तळ्यावरून खालच्या खाली निघून गेलं.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. 'आठातल्या सहा जिवंत. तू आणलेल्या चारही जगल्या. माझ्या दोन गेल्या. वैमानिक विचारतोय काखेचा नियम कुठे लिहिलाय.'

मामा कुंपणाच्या जाळीला गाठी मारत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, काल मी टेकडीवर गेले नव्हते. गुन्हिल्डला न बघताच सांगितलं."

"माहितीये. टेकडीवर तुझ्या स्कीचा कालचा एकही माग नव्हता."

"मग सकाळीच का नाही बोललास?"

"तुझं तोंड बघायचं होतं, कधी उघडतं ते." त्याने गाठ दाताने आवळली. "तंबू घे, दुर्बीण घे. शेवटची मादी व्यायेपर्यंत टेकडीवरच राहायचं. रोज सकाळी गुन्हिल्डला फोन तूच करायचा. तिच्या फोनची वाट बघायची नाही, तू करायचास."

"ही शिक्षा आहे?"

"मग काय बक्षीस?"

मी तंबू गुंडाळत होते तेव्हा तो आईशी फोनवर बोलत होता.

"नाही, सोमवारी येत नाही ती... छे, सुधारलीबिधारली काही नाही. शिक्षा झालीये तिला... तीन आठवडे तरी. जास्तच म्हण."

मी सुकवलेलं मांस पिशवीत भरलं. तीन आठवड्यांचं भरलं, मग अजून दोन मुठी घातल्या.