डाव्या काठाचं द्राक्ष

“नदीचा डावा काठ. जमीन कसली?”

“गोट्यांची, सर.”

“मग द्राक्ष कुठलं?”

“मेर्लो?”

“अरे, मेर्लो उजव्या काठाला, चिकणमातीत! गोटे ऊन धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारं कॅबर्ने सोव्हिन्यों डावीकडे. फ्रान्समधलं बोर्दो एकच, पण काठ बदलला की द्राक्ष बदललं. पाहुण्यापुढे असा गोंधळ घातलास तर बाटलीबरोबर तुलाही परत पाठवेल तो.”

वेटर हसले. हॉटेलच्या तळघरात, इस्त्री केलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी हा वर्ग भरायचा. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, भूगोलाचे. युरोपातल्या बाटलीवर बऱ्याचदा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं. वेटरांची नेमकी तिथेच दांडी उडायची. नकाशा शिकवणारा माणूस आणा, असं कुणीतरी मॅनेजरला सुचवलं आणि मास्तर आले. नद्या, उतार, धुकं, माती, सगळं मन लावून शिकवू लागले. वाइन मात्र त्यांनी जन्मात चाखली नव्हती. चव शिकवायला बारवाला होता. तो बाटली घेऊन आला की मास्तर खडू ठेवून बाहेर पडत.

बायकोला एवढंच ठाऊक होतं, की हे हॉटेलात भूगोल शिकवतात. ते काही खोटं नव्हतं.

एकदा भाजी घेताना त्यांच्याच गल्लीतला एक वेटर तिच्यासमोर आला. “काकू, सरांमुळे पास झालो बघा! रिओहा म्हटलं की तेम्प्रानियो, झोपेतसुद्धा सांगेन.”

“रिओहा म्हणजे काय हो?” घरात पाऊल टाकताच बायकोनं विचारलं. पिशवी अजून तिच्या हातातच होती.

मास्तरांनी सांगून टाकलं: स्पेनमधला प्रदेश, तिथली वाइन, तळघरातला वर्ग, सगळं.

त्यांचा एकुलता एक मुलगा दारूनं गेला होता. यकृत निकामी होऊन, आईच्या डोळ्यांदेखत.

“ज्यानं पोर नेलं, तेच शिकवता?”

“मी जमीन शिकवतो गं.”

“आणि त्या जमिनीत काय पिकतं?”

पुढे कितीतरी दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. मग एका सकाळी ते निघाले, तर बायको चपला घालून दारात उभी.

“मीही येते. बघू तरी काय शिकवता ते.”

ती शेवटच्या बाकावर बसली. मास्तर आधी अडखळले. मग फळ्यावर जर्मनीतल्या मोझेल नदीची वळणं काढता काढता त्यांना सूर सापडला. उभा चढ, पाटीचा काळा दगड, थंड हवा आणि त्यात तग धरणारं रिस्लिंग. तेवढ्यात बारवाला बाटली घेऊन आला. मास्तरांनी खडू ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. ती उठली नाही.

“बसा,” ती म्हणाली.

बारवाल्यानं बिचकतच तिच्यापुढे ग्लास ठेवला. “काकू, प्यायची नाही. नुसता वास घ्या.”

तिनं दोन्ही हातांनी ग्लास नाकाशी नेला. वेटरांना काहीच माहीत नव्हतं, पण सरांचा चेहरा पाहून कुणी चेष्टा केली नाही.

“हिरवं सफरचंद,” ती म्हणाली.

“अगदी बरोबर!” बारवाला खूश झाला.

तिनं पुन्हा वास घेतला, सावकाश. मग सगळ्यांदेखत मास्तरांना म्हणाली, “त्याच्या तोंडाला असा वास नसायचा हो.”

“तो मिळेल ते प्यायचा,” मास्तर म्हणाले.

तिनं ग्लास त्यांच्याकडे सरकवला. मास्तर वाकले. एवढी वर्षं टाळलेली गोष्ट त्यांनी एका श्वासात आत घेतली.

“सफरचंदच,” ते म्हणाले. प्यायलं दोघांपैकी कुणीच नाही. मास्तरांनी खडू उचलला आणि नदीचं राहिलेलं वळण पुरं केलं.

वर्ग सुटल्यावर दोघं बसथांब्यावर उभी होती.

“कुठली म्हणालात ती नदी?”

“मोझेल.”

“केवढी वळणं घेते बाई!”

मास्तरांनी बोटानं हवेत ती वळणं काढून दाखवली.

“त्याचा भूगोल कच्चा होता, नाही?” ती म्हणाली.

“कच्चा? पठ्ठ्यानं पेपरात नदी डोंगरावर चढवली होती.”

तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं मास्तरांची बाही धरली, आणि बस आली तरी सोडली नाही.