खुरप्याच्या मुठीचं माप

खुरप्याची मूठ केवढी असावी हे दिल्लीत ठरतं, हे चंद्राबाईला दोन हजार चार साली कळलं. आधी तिला हसूच आलं. निरंजननं सरकारी मानकाचा मसुदा वाचून दाखवला, तेव्हा हसू पळालं.

निरंजन तिचा लेक. भरे गावात त्याची खुरप्यांची भट्टी. मसुद्यातली मूठ त्याच्या खुरप्याच्या मुठीपेक्षा अर्धं बोट जाड होती. हेच माप देशाला लागू झालं, तर सरकारी खरेदीतून त्याचं खुरपं बाद. हरकत घ्यायला आठच दिवस उरलेले. मतं गोळा करायला मानक ठरवणाऱ्या समितीवरचे मनीष साहेब पुण्याहून भट्टीवर आले होते.

"एवढी जाड मूठ कुणासाठी? पैलवानासाठी व्हय?"

"आजी, दोनशे हात मोजून ठरवलंय."

"कुणाचे?"

साहेबांनी कागद चाळले. "पुरुषांचे दिसतायत."

"आन् खुरपतंय कोण? तुमचा बाप?"

"आई!" निरंजन कळवळला.

साहेब मात्र हसले. "मुद्दा बरोबर आहे, आजी. पण नुसतं मत चालत नाही, आकडे लागतात. बायकांच्या हातांची मापं आहेत कुणाकडे?"

होती. हेमलता कासारणीकडे. पंचक्रोशीतल्या एकूण एक बाईला तिनं बांगड्या भरलेल्या. पण भर लग्नात ती म्हणाली होती, "चंद्राक्का, हात सुटला की गं तुझा, आता पावणेतीनचीच बांगडी!" तेव्हापासून चंद्राबाईनं तिचा उंबरा ओलांडला नव्हता.

लेकाच्या भट्टीसाठी ओलांडला. मागून साहेब, वही घेऊन.

हेमलतानं सगळं ऐकलं आणि पान जुळवत म्हणाली, "सांगते की. पर आधी तुझा हात बघू."

चंद्राबाईनं दात खाऊन हात पुढं केला. हेमलतानं तो दाबला, वळवला, आणि साहेबांकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "लिवा. पावणेतीन. पर गावात असली ही एकलीच. बाकीच्या सव्वादोन, न्हाईतर अडीच."

मग एकेक नाव घेत तिनं एकशेसाठ बायका तोंडपाठ सांगितल्या. साहेबांनी त्यातल्या वीसजणींच्या हाताला पट्टी लावून पाहिली. एक चुकली नाही. मग सहज त्यांचाही हात दाबून हेमलता म्हणाली, "तुमाला अडीच बसंल," तसे साहेब लाजले.

वर्षानं छापील मानक आलं. मूठ बारीक झाली होती, निरंजनच्या मुठीएवढी.

"माझं नाव कुटं हाय?" चंद्राबाईनं विचारलं.

"मानकात नावं नसतात, आई."

"हेमलताचं बी न्हाई?"

"न्हाई."

"मग बराबर छापलंय," ती म्हणाली.