डॉबरमन की कारवानी

जानेवारीच्या शर्यतीत एकवीस किलोमीटर धावायचं म्हणजे धावायचं, असं प्रियंकानं ठरवलं होतं. आणि तिनं एकदा ठरवलं, की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

त्या घरात मुळात स्वस्थ बसणारं माणूसच नव्हतं. नवरा अजिनाथ दर रविवारी पहाटे चारला सायकल काढून अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन यायचा. लेक पायल कबड्डी खेळून गुडघे फोडून घ्यायची. प्रियंका शाळेत शिकवायची आणि शाळेआधी धावायची. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात चपलांपेक्षा बूटच जास्त असायचे.

मागच्या महिन्यात एका पहाटे मोटारसायकलवरचे दोघं तिच्या मागं लागले. बोलले नाहीत, जवळ आले नाहीत, नुसते किलोमीटरभर हळूहळू मागून येत राहिले. ती न थांबता धावत घरी पोचली. घडलं ते तिनं नवऱ्याला सांगितलं आणि तिथंच चुकली.

"उद्यापासून बंद," अजिनाथ म्हणाला. "जिम लाव."

हा गृहस्थ स्वतः काळोखात एकटा सायकल मारत चाळीस किलोमीटर जातो, त्याला आजवर कुणी जिम लाव म्हटलं नव्हतं. प्रियंकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "कुत्रा घेते," ती म्हणाली. "माझ्याबरोबर धावणारा. मग तर झालं?"

अजिनाथही काही कमी नव्हता. त्यानं अट घातली, की कुत्रा आबा निवडतील. आबांना एकही पसंत पडला नाही, तर धावण्याचा विषय कायमचा मिटला. आबा म्हणजे त्याचे वडील, तात्याबा. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. माणूस ओळखण्यात आपण फसलो असू, कुत्रं ओळखण्यात कधी नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

त्या रविवारी अजिनाथनं सायकल घरीच ठेवली आणि सकाळी तो, प्रियंका आणि आबा दुधनीजवळ विरेशच्या मळ्यात पोचले. विरेश कुत्री पाळायचा, शिकवायचा आणि विकायचा. पिल्लू घेऊन उपयोग नव्हता, ते मोठं होईस्तोवर शर्यत उलटून गेली असती. म्हणून विरेशनं दीड-दोन वर्षांची दोन कुत्री दाखवायला काढली होती.

एक डॉबरमन. काळा, तुकतुकीत, छाती पुढं काढून उभा. दुसरी कारवानी, इकडच्या देशी शिकारी जातीची कुत्री. लांब तोंडाची, लांब पायांची आणि इतकी सडपातळ, की अजिनाथ म्हणाला, "हिला खायला घालता का नाही?"

"कारवानी अशीच असती, साहेब," विरेश म्हणाला. "बरगड्या दिसल्या म्हंजे तब्येत चांगली. दोघांलाबी रोज दमवावं लागतंय. न्हाई दमवलं तर डॉबरमन तुमचा सोफा फाडतोय. ही घरात गप झोपून राहती, पण बाहीर ससा दिसला की दोरी घट धरा."

प्रियंकानं पंधरा दिवस व्हिडिओ पाहून डोकं पिकवून घेतलं होतं. डॉबरमनला बघूनच मोटारसायकलवाले वाट बदलतील, हे तिला कळत होतं. कारवानीला सोलापूरचं ऊन मानवतं, हेही कळत होतं. तिचं मन काही एका जागी ठरेना.

तात्याबांनी मात्र कुणाला काही विचारलं नाही. त्यांची परीक्षा जुनी होती. त्यांनी प्रियंकाच्या हातानं दोन्ही कुत्र्यांना भाकरी चारली, घटकाभर तिला त्यांच्याजवळ बसवलं. मग खांद्यावरची घोंगडी जमिनीवर टाकली, तिच्यावर काठी ठेवली आणि विरेशला दोऱ्या सोडायला लावल्या.

"सूनबाई, त्या बाबळीपातूर चालत जा. मागं बघायचं न्हाय."

प्रियंका निघाली. विरेश सवयीनं कानडीत "कुंद्रु!", म्हणजे बस, म्हणाला आणि डॉबरमन घोंगडीपाशी बसला तो बसलाच. कान ताठ, नजर चौफेर. कारवानीनं एकदा घोंगडी हुंगली, एकदा पाठमोऱ्या प्रियंकाकडं पाहिलं, आणि उठून तिच्या मागं गेली. बाभळीजवळ पोचली तेव्हा प्रियंकाच्या हाताला ओलं नाक लागलं. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याबरोबर आलं होतं.

ती परत येईपर्यंत निकाल लागला होता.

"काळं घ्या," तात्याबा म्हणाले. "आमच्यात मेंढरं चराय गेली, की बिऱ्हाडापाशी घोंगडी टाकून जायाचं. जे कुत्रं घोंगडी सोडत न्हाय, तेच खरं. उठून मागं येतं ते काय कामाचं?"

"झालं तर मग," अजिनाथ खुशीत म्हणाला. "घरही राखलं जाईल."

प्रियंका सासऱ्यांना मामा म्हणायची आणि आजवर त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. आज तिनं कारवानीच्या गळपट्ट्यात बोटं अडकवली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"मामा, तुमची परीक्षा खरी हाय. पण घोंगडीपाशी बसणारं घरात एक हाय की. चौदा वर्सं मीच बसलीय. मला उठून माज्यासंगं येणारं पायजे."

"आबांपुढं काय बोलतीस?" अजिनाथ तांबडालाल झाला. "आणि घर कोण राखणार?"

"तुमी राखा की," ती म्हणाली. "मी येईस्तोवर."

विरेश उगाच दोरी गुंडाळायला लागला. तात्याबांनी घोंगडीवरची काठी उचलली. म्हातारा आता चालू लागणार आणि आपलं धावणं इथंच संपणार, असं प्रियंकाला वाटलं. पण तिनं गळपट्टा सोडला नाही.

"आमच्याकडं दोन वर्सं कुत्रं नव्हतं," तात्याबा शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तवा घोंगडीपाशी तुजी सासू बसायची. मी मेंढरं घिऊन जायाचो, ती बसायची. दिसभर. तुलाबी यायाचं हाय का, म्हणून मी तिला कदी इचारलं न्हाय. आता इचारायला ती हाय कुटं?"

अजिनाथ मान खाली घालून उभा राहिला. आईचं असं काही त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

तात्याबांनी विरेशच्या हातातली दोरी घेतली, स्वतः कारवानीच्या गळ्यात अडकवली आणि दुसरं टोक सुनेच्या हातात दिलं.

"ही घ्यायची. म्या निवडली," ते लेकाला म्हणाले. मग प्रियंकाकडं वळले. "जा, पळून बघ हिच्यासंगं. लवकर याची घाई करू नगंस."

प्रियंकानं बुटांच्या नाड्या आवळल्या आणि रस्त्याला लागली. कारवानी तिच्या गुडघ्याला लागून, दोरी ढिली ठेवून पळत होती. बाप-लेक घोंगडीवर बसले आणि ती परत यायची वाट बघत राहिले.